कुठल्या कामाला कुठली चाळण?



गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेली तीन पत्रं मी मुद्दाम बाजूला काढून ठेवली होती. पहिलं साताऱ्याच्या एका भगिनींचं. मुलाला पुण्याच्या संगणक कंपनीत नोकरी लागली, पेढे वाटून झाले, आणि मग नेमणूकपत्राच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात एक वाक्य दिसलं : ‘ही नेमणूक पार्श्वभूमी पडताळणीच्या अधीन राहील.’ त्या विचारतात, “म्हणजे आमच्या घरी पोलीस येणार का हो? आळीतले लोक काय म्हणतील?” दुसरं पत्र जळगावचं. मुलं हाताशी आली, दुपार मोकळी मिळू लागली म्हणून या बाईंनी जवळच्या शाळेत नोकरी धरली, तर शाळेनं पोलिसांकडचा चारित्र्याचा दाखला मागितला. “वीस वर्षं अब्रूनं संसार केला, आणि आता पोलीस माझ्या चारित्र्याचा दाखला देणार?” त्यांचा राग अक्षरातसुद्धा उमटला आहे. तिसरं पत्र चिपळूणच्या एका तरुण आईचं. तिला कामावर जाताना बाळ सांभाळायला बाई ठेवायची आहे. ती विचारते, “आधारकार्डाची झेरॉक्स घेतली की पुरे ना?”

पत्रं तीन, गावं तीन, पण प्रश्न एकच. माणसाला कामावर घेण्याआधी त्याची किती चौकशी करायची आणि कशासाठी?

आपण स्वयंपाकघरात एकच चाळण सगळ्याला वापरत नाही. गहू निवडायला वेगळी, रव्याला वेगळी, मैद्याला वेगळी. नोकरीच्या पडताळणीचंही असंच आहे. काम जसं, तशी चाळण बारीक होत जाते. ‘पडताळणी’ हा एकच शब्द ऐकून कुणी घाबरून जातं, तर कुणी “कोण बघतंय एवढं!” म्हणून हसण्यावारी नेतं. दोन्ही चूक. आपल्याला कुठली चाळण लागणार आहे हे आधी कळलं, की निम्मी काळजी जाते. म्हणून आज एकेक चाळण हातात घेऊन बघू या.

पहिली चाळण : तुम्ही त्याच ना?

सर्वांत जाड चाळण ही ओळखीची आणि पत्त्याची. आधार, पॅन, निवडणूक ओळखपत्र, पासपोर्ट, विजेचं बिल. दुकानातल्या नोकरीपासून बँकेतल्या नोकरीपर्यंत ती सगळ्यांना लागते. काही कंपन्या पत्ता तपासायला माणूसही पाठवतात. साताऱ्याच्या भगिनींना सांगते, तुमच्याकडे कुणी आलंच तर तो बहुधा पोलीस नसेल. कंपनीनं नेमलेल्या पडताळणी संस्थेचा एखादा मुलगा येईल, “अमुक इथंच राहतात का?” असं विचारेल, दाराचा फोटो काढेल आणि जाईल. त्याचं ओळखपत्र बघा, पाणी द्या, आणि विचारलं तेवढंच सांगा.

ही चाळण सोपी वाटते, पण आपण बायका नेमक्या इथेच अडकतो. कारण आपल्याला दोन-दोन नावं! दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेवर माहेरचं नाव, वडिलांचं नाव, माहेरचं आडनाव. आधारकार्डावर नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव. ज्यांचं लग्नात पाळण्यातलं नावसुद्धा बदललं त्यांचं तर विचारूच नका. माझ्या एका मैत्रिणीला चाळिशीच्या उंबरठ्यावर चांगली नोकरी मिळाली. मुलाखत उत्तम झाली. पण तपासणाऱ्या संस्थेनं शेरा मारला, ‘पदवीवरील व्यक्ती आणि उमेदवार एकच असल्याचे सिद्ध होत नाही.’ बिचारी महिनाभर घरात बसून राहिली. शेवटी विवाह नोंदणीचा दाखला सादर केला तेव्हा गाडी पुढे सरकली.

लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असा कुठलाही कायदा नाही, हे आधी लक्षात घ्या. पण बदललं असेल तर जुन्या आणि नव्या नावांना जोडणारा कागद हवा. विवाह नोंदणी प्रमाणपत्र हा पहिला पूल. पाळण्यातलं नावच बदललं असेल, तर शासनाच्या राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून घेणं जास्त पक्कं. हे काम नोकरी लागल्यावर धावपळीत करू नका. मुलांच्या सुट्टीत, शांतपणे, आधीच करून ठेवा.

दुसरी चाळण : शिकलात ते खरं, केलंत ते खरं?

ही चाळण खाजगी कंपन्यांत, बँकांत आणि बऱ्याच शाळांत लागते. पदवी खरी आहे का हे थेट विद्यापीठाला किंवा मंडळाला विचारलं जातं. आता पुष्कळ गुणपत्रिका डिजिलॉकरमध्ये मिळतात, त्यामुळे हे काम पूर्वीपेक्षा सोपं झालं आहे. बनावट विद्यापीठांची यादी विद्यापीठ अनुदान आयोग स्वतः प्रसिद्ध करतो. मुलाला किंवा सुनेला बाहेरून पदवी घ्यायची असेल, तर पैसे भरण्याआधी ती यादी बघायला सांगा. पुढं कधीतरी नोकरीच्या वेळी ते उघडकीला येणारच, आणि तोवर पैसाही गेलेला असतो आणि वर्षंही.

त्यानंतर मागच्या नोकऱ्या. किती तारखेला लागलात, किती तारखेला सोडलीत, हुद्दा काय, पगार काय, का सोडलीत. यासाठी अनुभवाचा दाखला, कार्यमुक्तीचं पत्र आणि पगाराच्या पावत्या मागतात. भविष्य निर्वाह निधीच्या खात्यावरही या तारखा असतात. २०१४ पासून प्रत्येक सभासदाला एकच कायमचा क्रमांक मिळतो. त्यामुळे कुठं किती महिने काम केलं हे एका पानावर दिसतं. “अनुभव दोन वर्षांचा आहे, तीन लिहू या” ही युक्ती इथे फसते.

संसारासाठी नोकरी सोडलेल्या आपल्यासारख्यांना सर्वांत जास्त धास्ती असते ती मधल्या रिकाम्या वर्षांची. मुलगी झाली, सासूबाईंचं आजारपण निघालं, यजमानांची बदली झाली, आणि बघता बघता आठ वर्षं गेली. ही वर्षं झाकण्यासाठी कुणी ओळखीच्या दुकानाचा खोटा अनुभव-दाखला आणतात. अहो, कशाला? घर सांभाळणं हा काही गुन्हा नाही. सरळ लिहा, ‘अमुक सालापासून तमुक सालापर्यंत गृहिणी, मुलांचे संगोपन.’ शिकवण्या घेतल्या असतील तर तेही लिहा. रिकामी वर्षं विचारणाऱ्याला चालतात. खोट्या वर्षांवर मात्र लाल शेरा पडतो.

शेरा म्हणजे काय, तेही सांगते. बऱ्याच पडताळणी संस्था आपल्या अहवालात हिरवा, पिवळा आणि लाल अशा खुणा करतात. सगळं जुळलं की हिरवा. किरकोळ तफावत निघाली, किंवा समोरच्याकडून उत्तरच आलं नाही, तर पिवळा. आणि खोटं निघालं तर लाल. जुनी शाळा बंद पडली किंवा जुने मालक वारले, तर अनुभव खरा असूनही पिवळी खूण येऊ शकते. त्यासाठी नेमणूकपत्र, पगार जमा झाल्याच्या नोंदी असलेलं बँकेचं पासबुक आणि आयकराचे कागद जपून ठेवा. आपण लग्नातल्या शालू-पैठण्या डांबराच्या गोळ्या घालून जपतो, मग ही एक फाईल काय जड आहे?

बँकेत किंवा पैशांच्या व्यवहाराच्या जागी आणखी एक गोष्ट बघतात, ती म्हणजे कर्जफेडीचा इतिहास. काही बँका भरतीच्या जाहिरातीतच तशी अट घालतात. यजमानांच्या किंवा दिरांच्या कर्जाला तुम्ही सहकर्जदार किंवा जामीन असाल आणि हप्ते थकले असतील, तर त्याची नोंद तुमच्याही नावावर दिसते. “इथं सही कर” म्हटलं की आपण सही करून मोकळ्या होतो, तिथेच सावध व्हा. प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एकदा आपला पूर्ण अहवाल फुकट मिळतो. तो मागवून बघा.

तिसरी चाळण : पोलीस आणि कोर्ट

आता जळगावच्या बाईंच्या रागाकडे येते. ‘चारित्र्य’ हा शब्द आपल्याला झोंबतो, कारण बाईच्या बाबतीत तो शब्द समाजानं फार वाईट पद्धतीनं वापरला आहे. पण पोलिसांच्या भाषेत चारित्र्य पडताळणीचा अर्थ अगदी कोरडा आहे. या व्यक्तीच्या नावावर गुन्ह्याची नोंद आहे का? बस्स. तुम्ही कुणाशी बोलता, घरी किती वाजता येता, नवऱ्याशी पटतं की नाही, याच्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. मी स्वतः अर्धवेळ शिकवायला जाते, मीही हा दाखला दिलेला आहे. मुख्याध्यापकांनीही दिला आणि शिपाईमामांनीही दिला. सगळ्यांना एकच चाळण असेल तर त्यात अपमान कुठला?

महाराष्ट्रात हा अर्ज आता ऑनलाइन करता येतो. ओळख, पत्ता, फोटो आणि दाखला कशासाठी हवा ते सांगणारं कंपनीचं किंवा शाळेचं पत्र जोडायचं. पोलीस ठाण्यावर बोलावणं आलं तर मूळ कागद घेऊन जायचं. परदेशी जाणाऱ्यांना लागणारा दाखला मात्र वेगळा असतो. त्यासाठी पासपोर्ट कार्यालयामार्फत अर्ज करावा लागतो. या दोन्हींत गल्लत करू नका, नाहीतर वेळ फुकट जातो.

खाजगी कंपन्या बऱ्याचदा पोलिसांकडे न जाता न्यायालयांच्या संकेतस्थळांवर नावानं शोध घेतात. ही निराळी तपासणी. इथे धोका नामसाधर्म्याचा. आपल्याकडे एकाच आडनावाची, एकाच नावाची माणसं गावोगाव सापडतात. दुसऱ्याच कुणाचा खटला आपल्या मुलाच्या नावावर चिकटू शकतो. तसं झालं तर गप्प बसू नका. अहवालाची प्रत मागा, वडिलांचं नाव, जन्मतारीख आणि पत्ता दाखवून लेखी कळवा की तो मी नव्हे. आणि हेही ध्यानात ठेवा की कोर्टातलं प्रत्येक प्रकरण हा गुन्हा नसतो. वाटणीचा दावा, घटस्फोटाचा अर्ज ही दिवाणी किंवा कौटुंबिक प्रकरणं आहेत.

शब्दांचे अर्थही नीट माहीत हवेत. अदखलपात्र तक्रार, म्हणजे लोक ज्याला ‘एन. सी.’ म्हणतात ती, वेगळी. गुन्हा दाखल होणं वेगळं. आरोपपत्र जाणं वेगळं. निर्दोष सुटणं वेगळं आणि शिक्षा होणं वेगळं. अर्जात यातलं नेमकं काय विचारलं आहे ते वाचून तेवढ्याचंच खरं उत्तर द्यायचं.

चौथी चाळण : सरकारी नोकरीचा नमुना

सरकारी नोकरीत निवड झाली की ‘साक्षांकन नमुना’ भरून द्यावा लागतो. त्यात पूर्वी कुठं कुठं राहिलात, कुठं शिकलात, कधी अटक झाली होती का, खटला चालला का, चालू आहे का, शिक्षा झाली का, हे सगळं विचारलेलं असतं. ते पोलिसांकडून तपासून येतं. शिवाय वैद्यकीय तपासणी होते, आणि आरक्षित जागा असेल तर जात वैधता प्रमाणपत्र लागतं. जात जन्मावरून धरली जाते, म्हणून विवाहित बाईलासुद्धा त्यासाठी माहेरचेच कागद लागतात. वडिलांचे, आजोबांचे शाळेचे दाखले भावाकडून आधीच मागून घ्या.

आता मी जे सांगणार आहे ते कान देऊन ऐका, कारण हा नमुना कचेरीत नव्हे, आपल्या जेवणाच्या टेबलावर भरला जातो. मुलगा विचारतो, “आई, कॉलेजात असताना ती मारामारीची केस झाली होती, ती लिहू का?” आणि आपण मायेपोटी म्हणतो, “कशाला लिहितोस बाबा? मिटलं ना ते! कोण बघतंय?” या एका वाक्यानं पोराची नोकरी जाऊ शकते.

हे मी उगाच भीती घालायला सांगत नाही. २००३ साली सर्वोच्च न्यायालयापुढे केंद्रीय विद्यालयातल्या एका शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकाचं प्रकरण आलं होतं. खटला चालू आहे का, या प्रश्नापुढे त्यानं ‘नाही’ लिहिलं होतं. खटला होता. पुढे सरकारनं तो खटला मागेही घेतला. पण तोवर त्याची नोकरी गेली होती, आणि सर्वोच्च न्यायालयानं ती परत दिली नाही. इंग्रजी मजकूर नीट समजला नाही, ही त्याची सबबही चालली नाही. न्यायालयानं बोट ठेवलं ते माहिती दडवण्यावर. यातून दोन गोष्टी शिकायच्या. खटला मिटला म्हणजे प्रश्न मिटला असं नाही. आणि इंग्रजी नमुना न समजता सही करायची नाही, जाणकाराकडून वाचून घ्यायचा.

उलट उदाहरणही आहे. २०११ साली दिल्ली पोलिसांतल्या भरतीचं एक प्रकरण त्याच न्यायालयात गेलं. विशीतल्या मुलाचं एक भांडणाचं प्रकरण होतं, ते आपसांत मिटलेलं. न्यायालयानं तरुण वयातली चूक म्हणून त्याला समजून घेतलं. निकालात त्यांनी ‘ले मिझेराब्ल’ या फ्रेंच कादंबरीतल्या ज्याँ व्हालज्याँची आठवणही काढली. पाव चोरला म्हणून ज्याच्यावर जन्मभराचा शिक्का बसला, तोच तो.

असे दोन्ही बाजूंचे निकाल होत राहिले. शेवटी २०१६ साली, अवतार सिंग यांच्या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी नियम स्पष्ट करून दिले. साध्या भाषेत त्याचं सार असं. अर्जात दिलेली माहिती खरीच हवी. दडवलेली गोष्ट क्षुल्लक असेल, म्हणजे तरुण वयात घोषणा दिल्याबद्दलची वगैरे, तर नेमणूक करणारा ती माफ करू शकतो. गोष्ट गंभीर असेल तर नोकरी जाऊ शकते. खरं सांगितलं तरी ते विचारात घेण्याचा हक्क मालकाला आहेच. मात्र प्रश्न नेमका विचारलेला हवा. जे नेमकेपणानं विचारलंच नाही, ते सांगितलं नाही म्हणून कुणाला दोष देता येत नाही.

म्हणजे खरं सांगितल्यावर नोकरी मिळेलच अशी हमी नाही. पण खरं सांगणाऱ्याला आपली बाजू मांडायला जागा उरते. दडवणाऱ्याची ती जागाच जाते. मूळ प्रकरण चिमूटभर असतं, लपवल्यानं ते डोंगराएवढं होतं.

मुलगा अठरा वर्षांच्या आतला असताना काही घडलं असेल, तर २०१५ च्या बाल न्याय कायद्यानं त्याला संरक्षण दिलं आहे. सहसा ती गोष्ट पुढे अपात्रतेचं कारण होत नाही. सोळा ते अठरा वयातल्या अतिगंभीर गुन्ह्यांना मात्र अपवाद आहेत. अशा वेळी शेजाऱ्यापाजाऱ्यांना न विचारता वकिलाला विचारावं.

सर्वांत बारीक चाळण : मुलांजवळचं काम

जिथे लहान मुलं असतात तिथे चाळण सर्वांत बारीक हवी, याबद्दल आपल्यात दुमत नसावं. २०२० च्या पॉक्सो नियमांनुसार शाळा, पाळणाघरं, क्रीडा प्रबोधिन्या अशा मुलांशी नेहमी संबंध येणाऱ्या संस्थांनी प्रत्येक कर्मचाऱ्याची पोलीस पडताळणी आणि पार्श्वभूमीची तपासणी करायची आहे. शिक्षक असो की शिपाई, कायम असो की कंत्राटी. आणि तीही एकदाच नव्हे, ठराविक काळानं पुन्हा पुन्हा.

नियम होता. तरीही २०२४ च्या ऑगस्टमध्ये बदलापूरच्या शाळेत काय घडलं ते आपल्याला माहीत आहे. दोन चिमुकल्या मुली, आणि आरोप शाळेतल्या कंत्राटी सफाई कामगारावर. त्यानंतर राज्य शासनानं शाळांना सीसीटीव्ही कॅमेरे, तक्रारपेटी आणि कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी याबद्दल पुन्हा आदेश काढले. जळगावच्या बाईंना म्हणूनच माझं सांगणं आहे, तुमच्या शाळेनं दाखला मागितला याचा राग मानू नका. ज्या शाळेत मागत नाहीत, तिथे आपण आया म्हणून रागवायला हवं.

पालकसभेत आपण गणवेश, सहल आणि गृहपाठ यांवर तास घालवतो. पुढच्या सभेत एवढं विचारा, “कंत्राटदाराकडून येणाऱ्या माणसांची पडताळणी कोण करतं? व्हॅनचे चालक, सोबतच्या मावशी, सफाई कामगार, सगळ्यांची झाली आहे का? शेवटची कधी झाली?” एकटीनं विचारलं तर तोंड चुकवतील. चारजणींनी विचारलं तर उत्तर द्यावं लागेल.

आपल्या लेकी-सुना हल्ली परदेशी नोकऱ्या करतात, म्हणून तिथलं एक उदाहरण सांगते. इंग्लंड आणि वेल्समध्ये या चाळण्या शासनानंच ठरवून दिल्या आहेत. तिथे २०१२ साली त्यासाठी खास सेवा सुरू झाली. साध्या तपासणीत ज्या शिक्षांची मुदत कायद्यानं अजून संपलेली नाही त्याच दिसतात. मधल्या तपासणीत जुन्या शिक्षा आणि पोलिसांनी दिलेल्या ताकिदीही येतात, त्यातल्या काही किरकोळ व जुन्या गोष्टी गाळून. वाढीव तपासणीत स्थानिक पोलिसांकडची संबंधित माहितीसुद्धा येते. आणि मुलांजवळच्या किंवा आजारी, असहाय माणसांजवळच्या ठराविक कामांसाठी मनाई केलेल्या लोकांची यादीही तपासतात. कुठल्या कामाला कुठली तपासणी, हे मालकाच्या मर्जीवर नाही. दुकानातल्या हिशेबनिसासाठी कुणी उगाच वाढीव तपासणी मागू शकत नाही. आपल्याकडे सगळ्या नोकऱ्यांसाठी अशी एक सलग पायरी कायद्यानं आखलेली नाही. म्हणूनच ‘तुम्ही नेमकं काय तपासणार?’ हे आपणच विचारून घ्यायला हवं.

आपण मालकीण होतो तेव्हा

आता चिपळूणच्या बाळाची आई. बाई गं, आधारकार्डाची झेरॉक्स ही पहिली, जाड चाळण. तुला बाळासाठी बाई ठेवायची आहे, म्हणजे सर्वांत बारीक चाळण हवी. आधी बाईला विश्वासात घेऊन सांग, “मावशी, मी कुणालाही ठेवलं असतं तरी हेच केलं असतं.” मग पोलीस ठाण्यात घरकामगाराच्या माहितीचा अर्ज भर. फोटो, इथला पत्ता, गावाकडचा पत्ता आणि ओळखणाऱ्या दोन माणसांची नावं दे. ती दुसऱ्या जिल्ह्यातून नुकतीच आली असेल, तर तिथली चौकशी व्हावी अशी विनंती कर. इथल्या ठाण्यात तिची नोंद नसणं एवढ्यानं काही सिद्ध होत नाही.

पण पोलिसांचा कागद म्हणजे सगळं नव्हे. तो त्या तारखेपर्यंतच्या नोंदी सांगतो. बाई चिडकी आहे की शांत, बाळ रडलं तर काय करते, हे तो सांगत नाही. त्यासाठी तिनं पूर्वी काम केलेल्या दोन घरी स्वतः जा, फोनवर भागवू नकोस. “पुन्हा ठेवाल का?” एवढा एकच प्रश्न विचार आणि समोरचीचा चेहरा बघ. पहिले पंधरा दिवस सासूबाई किंवा आई घरात असताना तिला काम करू दे.

आणि एक विनंती सगळ्यांनाच. आपल्या मुलाच्या कंपनीनं चौकशी केली तर आपल्याला अपमान वाटतो. मग मावशीचे कागद चारचौघीत फिरवू नका. तिच्या नवऱ्याचं कधीकाळचं भांडण सोसायटीच्या ग्रुपवर टाकू नका. तिची माहिती तुमच्या कपाटात, कुलपात. चौकशी करायचा हक्क आपल्याला आहे, तिची अब्रू वेशीवर टांगायचा नाही. आणि चौकशी पुरी झाली की पगार, सुट्टी, वेळ हेही तितक्याच चोखपणे ठरवा. तीही आपल्या घरची पडताळणी करतच असते बरं का!

कात्री लावून जपून ठेवा

- एक फाईल करा. दहावीपासूनच्या गुणपत्रिका, पदवी, विवाह नोंदणी, नावबदलाचं राजपत्र, नेमणूकपत्रं, अनुभवाचे दाखले. मूळ प्रती कुणालाही ठेवून घेऊ देऊ नका. दाखवा आणि परत घ्या.
- झेरॉक्सवर आडवं लिहा, ‘केवळ अमुक नोकरीच्या पडताळणीसाठी’, खाली तारीख आणि सही. आधारचे शेवटचे चारच आकडे दिसणारी प्रतही मिळते, चालत असेल तिथे तीच द्या.
- संमतीपत्रावर सही करण्याआधी विचारा, काय तपासणार, कोण तपासणार, अहवाल मला दिसेल का. आपल्या माहितीवर आपला हक्क सांगणारा कायदा २०२३ साली संमत झाला. त्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरात आले आणि तरतुदी टप्प्याटप्प्यानं लागू होत आहेत.
- सध्याची नोकरी सोडलेली नसेल तर ‘सध्याच्या मालकांना आत्ता विचारू नये’ असं लेखी कळवा.
- ‘पडताळणीची फी भरा’ किंवा ‘ओटीपी सांगा’ असा फोन आला तर खुशाल फोन ठेवा. कंपनीच्या कार्यालयात स्वतः चौकशी करा. पैसे गेलेच तर लगेच १९३० या क्रमांकावर कळवा.
- अर्जातला प्रत्येक रकाना घरातल्या दोघांनी वाचा. विचारलं तेवढं सांगा, पण विचारलेलं लपवू नका.

तुमच्यापैकी कुणाला माहेर-सासरच्या नावामुळे नोकरीत, बँकेत किंवा पासपोर्टच्या वेळी अडचण आली असेल, आणि ती कशी सोडवलीत, तर मला जरूर कळवा. उपयोगी अनुभव पुढच्या एखाद्या अंकात देईन. एकीचा हेलपाटा दुसरीच्या कामी आला तर तो फुकट गेला असं कोण म्हणेल?